अल्झायमर : प्लाक निघाले म्हणजे स्मृती परतली असे नव्हे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

अल्झायमरवरील नव्या औषधांच्या बातम्या अलीकडे मराठी वृत्तपत्रांतून वरचेवर येतात, हे स्वागतार्ह आहे. मात्र त्यांपैकी बऱ्याच बातम्यांत ‘मेंदूत साचलेले प्रथिन काढून टाकणारे औषध’ एवढेच वर्णन असते आणि ते वाचून, साचलेले निघाले की आईवडिलांची गेलेली स्मृती परत येईल, अशी आशा अनेक कुटुंबे धरून बसतात. विकृतिशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे याविषयी लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते.

या आजारात मेंदूत एक नव्हे, तर दोन प्रथिने साचतात. त्यांच्या जागा वेगळ्या असतात आणि त्यांची वेळही वेगळी असते. फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात 1901 साली दाखल झालेल्या ऑगुस्टे डेटर या 51 वर्षांच्या स्त्रीचे 1906 मध्ये निधन झाले, तेव्हा आलोइस अल्झायमर यांनी तिच्या मेंदूचे काप चांदीच्या क्षारांनी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. चेतापेशींच्या बाहेर विखुरलेले साके, म्हणजे प्लाक, आणि पेशींच्या आत जाड झालेल्या तंतूंचे गुंते, म्हणजे टँगल, असे दोन्ही बदल त्यांनी नोंदवले होते. ते कशाचे बनलेले आहेत हे कळायला पाऊणशेहून अधिक वर्षे जावी लागली. प्लाक अमायलॉइड बीटाचे आणि टँगल टाऊ नावाच्या प्रथिनाचे असतात, हे 1984 ते 1986 या काळात स्पष्ट झाले.

अमायलॉइड बीटा हा चेतापेशीच्या आवरणातील एका मोठ्या प्रथिनाचा तुकडा आहे. दोन विकरे ते प्रथिन लागोपाठ कापतात आणि बहुधा 40 किंवा 42 अमिनो आम्लांचा तुकडा सुटतो. त्यातला 42 चा तुकडा अधिक चिकट असल्याने तो गोळा होऊ लागतो. टाऊचे काम निराळे. पेशीच्या लांब शाखेतून ज्या सूक्ष्म नलिकांच्या आधाराने मालाची ने-आण चालते, त्या नलिकांना ते स्थैर्य देते. त्याच्यावर फॉस्फेटचा भार प्रमाणाबाहेर वाढला की ते नलिकांपासून सुटते, आपापसांत पीळ घेते, आणि पेशी आतूनच निकामी होत जाते.

बातम्यांत सहसा न येणारा भाग यापुढचा आहे. रुग्ण किती विसरतो याचा मेळ प्लाकच्या संख्येशी फारसा बसत नाही. तो टँगलच्या प्रसाराशी कितीतरी चांगला बसतो. हा प्रसार ठरावीक वाटेने होतो, असे हाइको आणि एव्हा ब्राक या संशोधकांनी 1991 मध्ये दाखवले : आधी हिपोकॅम्पसच्या, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या भागाच्या, शेजारचा प्रदेश, मग खुद्द हिपोकॅम्पस आणि शेवटी मेंदूच्या बाह्यकाचा मोठा प्रदेश. नव्या आठवणी प्रथम का पुसट होतात आणि रोजची कामे जमेनाशी व्हायला वेळ का लागतो, याचा उलगडा बराचसा या क्रमातून होतो. याउलट, शेवटपर्यंत शाबूत बुद्धीने जगलेल्या अनेक वृद्धांच्या मेंदूत भरपूर प्लाक सापडलेले आहेत.

या संदर्भात दोन उदाहरणे मला फार मोलाची वाटतात. अमायलॉइडविरुद्ध तयार केलेल्या पहिल्या लशीची चाचणी काही रुग्णांना मेंदूचा दाह झाल्याने 2002 मध्ये थांबवावी लागली. पुढे त्यांतील काही रुग्णांच्या मृत्यूनंतर तपासणी झाली, तेव्हा काहींचे प्लाक जवळजवळ पूर्ण नाहीसे झालेले आढळले. तरीही मृत्यूपूर्वी ते तीव्र स्मृतिभ्रंशानेच ग्रस्त होते. दुसरे उदाहरण कोलंबियातील एका स्त्रीचे, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेले. तिच्या घराण्यातील सदोष जनुकामुळे चाळिशीतच स्मृती ढासळू लागते, पण ते जनुक असूनही तिला सत्तरीपर्यंत स्मृतिभ्रंश झाला नाही. तिच्या मेंदूत अमायलॉइड उदंड होते, टाऊ मात्र त्या मानाने फारच थोडे.

म्हणून अमायलॉइड निरुपद्रवी आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. अमायलॉइडविषयीचा 2006 मधील एक गाजलेला निबंध त्यातील चित्रांत फेरफार आढळल्याने 2024 मध्ये मागे घेतला गेला, तेव्हा ‘सारा सिद्धांतच खोटा’ असा सूर उमटला. पण तो निबंध या प्रथिनाच्या एका विशिष्ट रूपापुरता होता. मुख्य पुरावा जनुकांचा आहे आणि तो भक्कम आहे. ज्या मूळ प्रथिनातून अमायलॉइड सुटते त्याचे जनुक एकविसाव्या गुणसूत्रावर असते. डाउन सिंड्रोममध्ये त्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असल्याने चाळिशीपर्यंत जवळजवळ प्रत्येकाच्या मेंदूत प्लाक दिसतात. अमायलॉइड लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षे आधीपासून साचू लागते. त्याच्या उपस्थितीत टाऊ आपली मर्यादित जागा सोडून पसरतो आणि पेशी मरू लागतात, असेच उपलब्ध पुरावे सुचवतात. तसे असेल तर उशिरा प्लाक काढून फारसे हाती का लागत नाही, हेही समजते.

आता लेकॅनेमॅब या अमायलॉइड काढून टाकणाऱ्या नव्या औषधाचे आकडे याच दृष्टीने पाहावेत. आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातील 1,795 जणांवर दीड वर्ष चाचणी झाली. अठरा गुणांच्या मोजपट्टीवर औषध न मिळालेल्यांची घसरण 1.66 आणि औषध मिळालेल्यांची 1.21 झाली. बातम्यांत घसरण ‘27 टक्के’ कमी झाल्याचे येते, ते म्हणजे हाच 0.45 गुणांचा फरक होय. घसरण मंदावली, ती थांबली नाही आणि उलटली तर मुळीच नाही. चाचणीत हे औषध दर दोन आठवड्यांनी शिरेतून दिले गेले, आणि मेंदूला सूज येण्याचा किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वारंवार एमआरआय करावा लागतो. एपीओई-4 या जनुकाच्या दोन प्रती असणाऱ्यांना हा धोका अधिक असतो. सुरुवातीच्या रुग्णाला काही महिन्यांची सवड मिळणे मी क्षुल्लक मानत नाही. पण मधल्या किंवा शेवटच्या टप्प्यातील रुग्णाच्या मुलांनी घर गहाण टाकून हे औषध मिळवण्याची धडपड करू नये, हे कोणीतरी त्यांना आधीच स्पष्ट सांगायला हवे.

आपणांस एक विनंती आहे. टाऊचे एक रूप आणि अमायलॉइड यांचे रक्तातील गुणोत्तर मोजणाऱ्या चाचणीला अमेरिकेच्या औषध नियामकाने मे 2025 मध्ये मान्यता दिली. ती मान्यता लक्षणे असलेल्या, 55 वर्षे व त्यापुढील वयाच्या आणि तज्ज्ञांकडे तपासणीस आलेल्या रुग्णांपुरती आहे. प्लाक असूनही आयुष्यभर लक्षणे न दिसणारी माणसे पुष्कळ असताना, धडधाकट माणसाच्या हाती असा अहवाल पडला तर त्याची झोप तेवढी उडेल. अशा चाचण्यांची बातमी किंवा जाहिरात छापताना ही अट ठळकपणे छापावी.

आपला,
विकृतिशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, मिरज