नानांच्या डोळ्यांबद्दल

पुणे,
रविवार

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. मायक्रोआरएनएचं औषध देऊन नानांचे डोळे बरे होतील का, असं तू विचारलंस. नानांना दाराची चौकट मधेच वाकडी दिसते, हे वाचून पोटात गोळा आला. आईचंही असंच सुरू झालं होतं. खिडकीचे गज नागमोडी दिसतात म्हणायची. आम्ही मोतीबिंदू समजलो आणि 'पिकला की बघू' म्हणत सहा महिने घालवले. पुढे पुढे ती माझ्या कानाकडे नजर लावायची, तेव्हा कुठे तिला माझा चेहरा दिसायचा. सरळ पाहिलं की मधोमध काळा डाग.

म्हणून तुझ्या प्रश्नाआधी हे ऐक. नानांना याच आठवड्यात रेटिनाच्या, म्हणजे डोळ्यातल्या पडद्याच्या, डॉक्टरांकडे ने. मॅक्युलाचा, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाचा, आजार 'ओला' असेल, म्हणजे पडद्यामागे नव्या नाजूक रक्तवाहिन्या फुटून झिरपत असतील, तर डोळ्यात द्यायची इंजेक्शनं खरंच उपयोगी पडतात. पण वेळेत दिली तरच. आणि त्यांची सिगारेट आता बंद कर, मी सांगितलं म्हणून सांग.

आता मायक्रोआरएनए. पेशीत जनुकाची नक्कल निघते आणि तिच्यावरून प्रथिन बनतं. जेमतेम २२ अक्षरांची ही साखळी त्या नकलेला चिकटते आणि प्रथिनाला लगाम घालते. अँब्रोस आणि रुव्हकुन या शास्त्रज्ञांनी १९९३ साली ती मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत दाखवली. नोबेल मिळालं २०२४ मध्ये.

आपल्या पडद्याच्या पाठीशी रंगद्रव्याच्या पेशींचा एक पापुद्रा असतो. प्रकाश टिपणाऱ्या पेशींची रोज झडणारी टोकं तो गिळतो आणि त्यांना पोसतो. मिर-२०४ नावाचा मायक्रोआरएनए तिथे भरपूर असतो. तो घटला की पापुद्र्याच्या पेशी आपलं काम विसरू लागतात. त्यातलं एकच अक्षर बदललं म्हणून एका कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या दृष्टी गेल्याचंही नोंदलेलं आहे.

मग बाहेरून तेच दिलं की झालं, असं तुला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण २०११ साली डोळ्यांचे संशोधक जयकृष्ण अंबाती यांच्या गटाने पाहिलं की 'कोरड्या', म्हणजे नव्या रक्तवाहिन्या न फुटणाऱ्या, आजाराच्या शेवटच्या टप्प्यात त्या पापुद्र्यातलं डायसर कमी झालेलं असतं. डायसर म्हणजे मायक्रोआरएनए कापून तयार करणारं एन्झाइम. तेव्हा मायक्रोआरएनए कमी पडले म्हणून पेशी मेल्या, असंच कुणालाही वाटलं असतं. निघालं वेगळंच! डायसर अलू नावाच्या आरएनएचेही तुकडे करतं. ते थांबलं, अलूचा कचरा साचला आणि त्या विषाने पेशी मेल्या. या कामाने मी फार दिवस भारावलो होतो.

तर सुधीर, नानांच्या आजारावर मायक्रोआरएनएचं मान्यताप्राप्त औषध आज बाजारात नाही. त्या नावाने कुणी पैसे मागितले तर एक रुपया देऊ नकोस.

सोबत चौकड्यांचा कागद पाठवतोय, आईच्या फ्रीजवर असायचा तोच. वाचायचा चष्मा लावून, एकेक डोळा झाकून, नानांना मधल्या ठिपक्याकडे बघायला सांग. रेघ जिथे वाकेल तिथे त्यांनाच पेनाने खूण करू दे आणि तो कागद डॉक्टरांना दाखव. तपासणी झाली की त्याच रात्री फोन कर, कितीही वाजलेले असोत.

माईंना नमस्कार.

तुझा,
अनिल