गल्लीच्या तोंडाशी फुटपाथ उतरू देऊ नका

डेल्फ्ट, नेदरलँड्स

ती. अण्णाकाका आणि काकू यांस सा. न. वि. वि.

आपल्या रस्त्याचं काँक्रिटीकरण मंजूर झालं आणि दोन्ही बाजूंना फुटपाथही होणार, हे कळून आनंद झाला. नकाशा पक्का होण्याआधी वॉर्डाच्या बैठकीत तुम्ही एक मुद्दा नेटाने मांडावा, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

फुटपाथ असूनही लोक रस्त्यावरून चालतात, असा आपल्याकडे सर्रास ठपका ठेवतात. पण तो फुटपाथ असतो कसा? गटारावर स्लॅब टाकून फूट-दीड फूट उंच केलेला, प्रत्येक गेटपाशी तिरका कापलेला आणि प्रत्येक गल्लीशी तुटलेला. काकूंचे गुडघे दुखत असताना त्यांनी दर पन्नास पावलांवर चढउतार का करावी? त्या रस्त्याच्या कडेनेच जाणार, आणि त्यात त्यांची चूक काहीच नाही.

इथे नेदरलँड्समध्ये छोटी गल्ली मोठ्या रस्त्याला जिथे मिळते, तिथे बहुतेक ठिकाणी फुटपाथ खाली येतच नाही. त्याच उंचीवर, त्याच फरशीने तो सरळ गल्ली ओलांडून पुढे जातो. चढायचं ते गाडीने. कडेच्या दगडाच्या जागी उतरत्या पाठीचे काँक्रीटचे ठोकळे बसवलेले असतात. गाडी त्यावरून दहा-बारा सेंटीमीटर चढते, फुटपाथ पार करते आणि पलीकडे उतरते. चढ जेमतेम अर्धा मीटर लांबीचा, त्यामुळे वेग आपोआप पडतो. अशा जागेतून बाहेर येणाऱ्या गाडीने चालणाऱ्यांसकट सगळ्यांना आधी वाट द्यायची, असा इथला कायदाही आहे. आपण मात्र कायद्यापेक्षा त्या चढावर भिस्त ठेवावी.

हे सगळं इथेही लोकांनी भांडून मिळवलं. १९७१ साली या एवढ्याशा देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले. चालणाऱ्यांना आणि खेळणाऱ्या मुलांना पहिला मान देणाऱ्या गल्ल्या याच डेल्फ्टमध्ये आकाराला आल्या आणि १९७६ मध्ये त्यांना कायद्याची मान्यता मिळाली.

आता आपल्याकडे हे करताना काय बिघडेल ते सांगतो. ठेकेदार चढ दोन-तीन मीटर लांब आणि सौम्य करेल, गाड्यांना त्रास नको म्हणून. मग वेग कमी होत नाही आणि सगळा खटाटोप वाया जातो. दुसरं, गल्लीचं काँक्रीट फुटपाथवरून पुढे ओढून नेतील. तसं झालं की चालकाला ती जागा रस्त्याचीच वाटते. गल्लीच्या तोंडावरही फुटपाथचेच ब्लॉक, त्याच रंगाचे, दिसले पाहिजेत. फक्त तिथे ६० ऐवजी ८० मिलिमीटर जाडीचे घ्यावेत, नाहीतर पाण्याचा टँकर दोनदा गेला की फुटतील. खालचा खडीचा थर नीट दाबून घ्यायचा आणि कडेचे दगड आधी पक्के बसवायचे. कड सुटली की ब्लॉक सरकतात आणि सांध्यांतली कच धुऊन जाते.

सगळ्यात जास्त लक्ष पाण्याकडे द्या. आपली गल्ली वरून मुख्य रस्त्याकडे उतरते, म्हणजे उंच फुटपाथ तिच्या तोंडाला बांधासारखा आडवा येणार. जुलैत पाणी तुंबून कोपऱ्यावरच्या घरांत शिरलं, की दुसऱ्या दिवशी लोक पहारीने फुटपाथ फोडतील, आणि त्यांना बोल लावता येणार नाही. म्हणून चढाच्या अलीकडे, गल्लीच्या पूर्ण रुंदीत, जाळीचं चेंबर हवं आणि तिथून फुटपाथखालून पावसाळी गटारापर्यंत पाइप. जाळीच्या फटी गाडीच्या दिशेला आडव्या ठेवायच्या, म्हणजे सायकलचं चाक अडकत नाही. जाळी उचलता आली पाहिजे. काँक्रीटमध्ये पक्की केली तर मे महिन्यात गाळ काढायचा कसा?

उंचीबद्दल आपलाच आधार आहे. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ (२०१२) या पादचारी सोयींच्या मार्गदर्शिकेत कडेच्या दगडाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, असं दिलं आहे. मोकळी म्हणजे खांब, विजेची डीपी पेटी, झाड, कचराकुंडी सोडून. या सगळ्यांसाठी रस्त्याच्या बाजूला वेगळी पट्टी आखून घ्या. घरांच्या गेटचा उतारही त्याच पट्टीत बसवायचा, चालायच्या वाटेत नाही.

रस्ता जुन्या थरावरच ओतणार की जुना खरवडून, हेही लेखी विचारा. थरावर थर चढला की रस्ता उंबऱ्यांच्या वर जातो, मग फुटपाथ आणखी उंच करावा लागतो आणि सगळी मापं हुकतात.

दुचाक्या फुटपाथवर चढतील म्हणून कुणी तोंडाशी लोखंडी खांब लावायला सांगेल. खांबांमध्ये किमान ९० सेंटीमीटर अंतर ठेवायला सांगा, नाहीतर व्हीलचेअरच अडकते. तेवढ्यातून दुचाकीही जाईल, हे खरं. पण तिला अडवायला व्हीलचेअरवाल्याला घरात बसवणं मला मान्य नाही.

बैठकीआधी आपल्या गल्लीची रुंदी, मुख्य रस्त्यापासून आपल्या उंबऱ्याची उंची आणि गटाराची खोली टेपने मोजून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. मापं आली की तोंडाचा आडवा छेद काढून पाठवतो, अभियंत्यांपुढे ठेवायला तोच कामी येईल.

काकूंना नमस्कार.

आपला,
सुहास