ताईच्या लग्नाची कॅसेट

पुणे,
५ ऑगस्ट

प्रिय विन्या,

फोनवर तू मध्येच बोलायला लागतोस आणि मुद्दा राहून जातो, म्हणून लिहितोय. ताईच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट डीव्हीडीवर उतरवून झाली एकदाची.

आधी मी शहाणपणा करून ती एका दुकानात टाकली होती. चार दिवसांत डीव्हीडी हातात. लावली, तर नवरदेव आडवा सुटलेला! जुनं चार बाय तीनचं चित्र त्यांनी रुंद पडद्यावर ताणलं होतं. वर तीन तास एकाच डीव्हीडीत कोंबलेले. ४.७ जीबीत धड दोन तास बसतात, त्यामुळे जिथे हलतं-उडतं काही आलं तिथे चित्र फुटतं. आणि लग्नात नेमकं काय उडतं? अक्षता. 'शुभमंगल सावधान' झालं की अख्खा मांडव चौकोनी ठिकऱ्यांचा. ताईचा चेहरा त्यात शोधावा लागतो.

मग कॅसेट परत आणली आणि नीट निरखली. तुमच्या माळ्यावर होती म्हणून २००५ आणि २०२१ च्या दोन्ही पुरांतून वाचली, पण चिपळूणच्या हवेने डाव साधला होता. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसत होती, ठेवणीतल्या पापडावर धरते तशी. अशी कॅसेट तशीच चालवली की बुरशी व्हीसीआरच्या फीत वाचणाऱ्या हेडवर बसते आणि तिथून पुढच्या कॅसेटला लागते. दुकानात काय झालं असेल ते सांगायला नको.

व्हीसीआर मिळवणं ही वेगळीच कथा. नवे बनायचे २०१६ सालीच थांबले. माझ्या मेव्हण्याच्या कपाटात एक निघाला, त्याचा पट्टा बदलून घेतला. कॅसेटचे खालचे पाच स्क्रू काढले, नाकाला फडकं बांधलं आणि सुती नसलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन अर्धा इंच रुंदीची ती फीत हाताने फिरवत पुसली. अडीचशे मीटरच्या वर भरते रे! दोन रविवार गेले. हिने मला गॅलरीत हाकललं होतं.

मग एकदा शेवटपर्यंत पळवून उलटी गुंडाळली, म्हणजे ताण सारखा होतो, आणि यूएसबीचं यंत्र लावून कॉम्प्युटरवर उतरवली. यात घाई चालत नाही, तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात. मी समोर बसून राहिलो. पंगतीत कोण कोणाला आग्रह करतंय तेही पाहिलं.

एक लक्षात आलं का तुझ्या? तू त्यात कुठेच नाहीस. सख्ख्या बहिणीचं लग्न आणि भाऊ गायब! मग आठवलं, शूटिंगचा हॅलोजन दिवा धरणारा पोरगा आला नव्हता म्हणून दिवसभर ती वायर ओढत तूच फिरत होतास. एकदा फक्त भिंतीवर तुझी सावली पडलीये, हात वर केलेली.

आवाज म्हणशील तर सगळीकडे मिक्सिंगवाल्याने घातलेली सनई आणि सिनेमाची गाणी. मंगलाष्टकंसुद्धा खाऊन टाकलीत त्याने. माणसं तोंड हलवतात, ऐकू येते सनई. मी अगदी वैतागलो होतो. पण शेवटची अकरा मिनिटं बहुधा त्याला कंटाळा आला असावा, तशीच कच्ची जोडलीत. तिथे सनई एकदम तुटते आणि मागीलदारचा खरा आवाज सुरू होतो. पातेली, नळ, कोणाचं तरी पोर रडतंय. चित्रात नुसती चूल आहे, आणि बाजूने काकू ओरडतात, "विन्या, तो दिवा खाली ठेव नि दोन घास खाऊन घे. सकाळपासून उपाशी आहे माझा पोर."

आणि तू म्हणतोस, "आलो गं." दिवा हलतो, चूल अंधारात जाते.

डीव्हीडी दोन केल्यात, सोबत पाठवतोय. घरी लिहिलेल्या डीव्हीडीचा भरवसा नाही, म्हणून तेच पेनड्राइव्हवरही घातलंय. मूळ कॅसेट माझ्याकडेच राहू दे, इथली हवा तुमच्यापेक्षा कोरडी आहे. दुसऱ्या डीव्हीडीचा शेवट आधी एकट्याने बघ, मग ताईला दाखव.

आणि माझ्या मुंजीची कॅसेट तुमच्याच माळ्यावर असणार. बघून ठेव.

तुझा,
बाळ्या