आई, क्लास घे, पण आधी एकच बॅच

वडोदरा
रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न.

रिपोर्ट पाहिला. टीएसएच, म्हणजे थायरॉइडचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा, मर्यादेत आलाय आणि आईच्या आवाजातही हुशारी जाणवली. नववी-दहावीची मुलं पुन्हा गणिताला येणार हे उत्तमच, पण पहिल्या आठवड्यापासून दोन बॅचेस नकोत. थायरॉइडचा थकवा ओसरला की तुंबलेलं सगळं काम एका दिवसात उपसायची घाई होते. त्या दिवशी ते होतंही, मग पुढचे दोन दिवस अंग उचलत नाही. म्हणून किती काम घ्यायचं हे सगळ्यात चांगल्या दिवसावरून ठरवू नकोस, बेताच्या दिवशी जेवढं झेपेल तेवढंच धर. सध्या एक बॅच, आठवड्यातून चार दिवस, सव्वा तास.

बाबा, आईच्या थायरॉइडच्या गोळीचं खातं तुमच्याकडे. उठल्याबरोबर रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा त्यानंतर निदान अर्ध्या तासाने, तासभर थांबलात तर आणखी बरं. पोहे-शेव-जिरावणही मग. चहा, कॉफी, दूध लगेच घेतलं तर गोळी नीट शोषली जात नाही. कॅल्शियमची गोळी सकाळच्या डबीतून काढून रात्रीच्या जेवणानंतर ठेवा, दोन्हींत चार तासांचं अंतर हवंच. लोहाची गोळी सुरू झाली तर तिलाही हाच नियम. बाटली गॅसजवळच्या फळीवर नको, उष्णता आणि पावसाळ्याची दमट हवा दोन्ही तिला बाधतात. डोस बदलला तर रक्त सहा ते आठ आठवड्यांनी तपासायचं. त्याआधीचा आकडा फसवा असतो, कारण औषधाची रक्तातली पातळी स्थिरावायलाच काही आठवडे जातात. ‘बरं वाटतंय ना, मग गोळी कशाला?’ असं नात्यातलं कुणीतरी म्हणणारच. त्यांना चहा पाजून वाटेला लावा.

आई, सकाळी नऊ ते साडेदहा हा तुझा सगळ्यात ताजा वेळ, आणि नेमका तोच भाजी निवडण्यात जातो. भाजी दुपारी होईल. त्या वेळात क्लासची तयारी कर. सगळा पाठ लिहून काढायची गरज नाही. त्या दिवशीची गणितं स्वतः पेनने सोडव आणि मूल कुठे घसरेल तिथे खूण कर. उदाहरणार्थ, 5 − (क्ष − 3). निम्मा वर्ग 5 − क्ष − 3 लिहून 2 − क्ष वर थांबेल. उत्तर आहे 8 − क्ष. ‘कंसाबाहेर वजा असेल तर आतली चिन्हं बदलतात’ हे त्यांना तोंडपाठ असतं, हात मात्र पहिल्या पदापुरतंच चिन्ह बदलतो. अशा वेळी नियम पुन्हा ऐकवण्यात दम घालवू नकोस. क्षच्या जागी 1 ठेवायला सांग. मूळ राशीची किंमत 7 येते, मुलाच्या उत्तराची 1. फरक दिसला की तो आपणहून वरच्या ओळीत शोधायला लागतो.

क्लासची पहिली सात-आठ मिनिटं पाच छोटे प्रश्न, पुस्तक बंद ठेवून: दोन कालचे, दोन गेल्या आठवड्यातले, एक महिन्यापूर्वीचा. विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं हे एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच मोजून दाखवलं होतं. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून लिहिलेलं जास्त दिवस टिकतं, हे रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगांतून दिसलं. तोंडी प्रश्न विचारल्यावर निदान तीन सेकंद गप्प राहा. वर्गात शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच उत्तर देऊन टाकतात. थांबलीस तर मागच्या सतरंजीवरची मुलंही बोलतात, शिवाय तुझा घसा वाचतो.

घशाचं म्हणशील तर थायरॉइड कमी असताना आवाजही जड होतो, तो मोकळा व्हायला वेळ लागतो. सारखं खाकरू नकोस, घोटभर पाणी पी. कुजबुजण्याने आवाजाला विश्रांती मिळते हा गैरसमज आहे, त्याने ताणच पडतो. टेबलफॅन तुझ्या कानाशी नको, त्याच्या घरघरीवर मात करायला तू नकळत ओरडतेस. फळ्यापाशी उंच स्टूल ठेव. डावीकडची पट्टी तारीख, विषय आणि सूत्रं यांना द्यायची, ती शेवटपर्यंत पुसायची नाही. उजवीकडची पट्टी कच्च्या आकडेमोडीची. पुसताना वरून खाली ओलं फडकं, म्हणजे खडूची धूळ नाकात जाणार नाही. पांढरा बोर्ड घेतलात तर मार्कर आडवे ठेवा. टोक वर करून उभे ठेवले तर शाई खाली उतरते आणि नवा मार्करही फिका उठतो.

खरी ताकद खातात त्या वह्या. चौदा वह्यांना पाच-पाच मिनिटं म्हणजे सत्तर मिनिटं, तीही रात्री डोळे चोळत. त्याऐवजी रोज दोनच गणितं पूर्ण तपास आणि समासात फक्त खूण कर: चिन्ह चुकलं तर ‘चि’, सूत्र चुकलं तर ‘सू’, आकडेमोड असेल तर ‘आ’. चूक कुठल्या ओळीत आहे ते मुलाने शोधायचं. वहीला दोन मिनिटं धर, अठ्ठावीस मिनिटांत काम संपतं, आणि त्यातल्या निम्म्या वह्या तर मुलं शेवटचं गणित सोडवत असतानाच तिथल्या तिथे होतात. वेगळ्या कागदावर खुणांची बेरीज ठेव. एका दिवशी नऊ ‘चि’ दिसले तर दुसऱ्या दिवशी नवा धडा नाही.

दुपारी वीस मिनिटं पडायचं, गजर लावून, तीनच्या आत. जास्त झोपलीस तर उठल्यावर डोकं जड होईल आणि रात्रीची झोपही बिघडेल.

एक गोष्ट दोघांनी लक्षात ठेवा. उत्साह फारच वाढला, झोप उडाली, हात थरथरायला लागले किंवा छाती धडधडली, तर डोस जास्त होत असू शकतो. लगेच डॉक्टरांना फोन करायचा, गोळीत आपणहून काटछाट करायची नाही.

मंडळाची परीक्षा फेब्रुवारीत धरली तरी पुष्कळ वेळ आहे. दुसरी बॅच गणपतीनंतरच. अनंत चतुर्दशीला झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले सजवलेले देखावे, बघायला मुलं रात्रभर रस्त्यावर असतात, दुसऱ्या दिवशीची सुट्टी आधीच सांगून टाका. सानंद संस्थेच्या नाटकाच्या दिवशीही क्लास नाही.

बाबा, दुसऱ्या बॅचच्या पालकांशी तुम्हीच बोला. आईने फोन घेतला तर ‘बरं, पाठवा उद्यापासून’ म्हणून मोकळी होईल.

तुमची,
लेक