तरुणांना नुसते आवाहन नको, मुदत आणि पत्ता सांगा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तरुणांना सार्वजनिक प्रश्नांत रस नाही, ही तक्रार प्रत्येक निवडणुकीच्या तोंडावर हमखास ऐकू येते आणि तिच्यावरचा उपायही ठरलेला असतो : एखादा लोकप्रिय चेहरा पुढे करा, रील्स काढा, गाणी वाजवा. भारत निवडणूक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये सचिन तेंडुलकर यांना ‘नॅशनल आयकॉन’ म्हणून नेमले, ते याच हेतूने. माझा आक्षेप नामवंतांना नाही. त्यांच्या तोंडी जो मजकूर दिला जातो, त्याला आहे.

आमच्या भागातल्या एका महाविद्यालयाने मतदार दिनानिमित्त केलेली चित्रफीत मध्यंतरी पाहण्यात आली. गाजलेल्या गाण्यावर मुले-मुली झकास नाचली, शेवटी सर्वांनी तर्जनी उंचावली आणि पडद्यावर ‘मतदान करा’ असे झळकले. नाव नोंदवायला नमुना क्रमांक ६ भरावा लागतो, सतराव्या वर्षानंतर आगाऊ अर्ज करता येतो, १ जानेवारीखेरीज १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर हेही आता अर्हता दिनांक, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण झाली की नाही हे ज्या दिवशी मोजतात ते दिवस, आहेत, यांपैकी एक अक्षर त्यात नव्हते. नाचणाऱ्यांपैकी किती जणांची नावे मतदार यादीत आहेत, हे विचारण्याचा मोह मी आवरला.

याउलट अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये गायिका टेलर स्विफ्ट यांनी इन्स्टाग्रामवर मतदार नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळाचा दुवा दिला, तेव्हा एका दिवसात चार लाखांहून अधिक लोक त्या दुव्यावरून तिथे पोहोचले. पोहोचलेल्या सर्वांनी नोंदणी केली असे मुळीच नाही, आणि त्यांच्या राजकीय पसंतीशीही आपल्याला कर्तव्य नाही. पण चाहत्याला थेट अर्जाच्या दारात नेऊन सोडणे आणि त्याला नुसते ‘जागे व्हा’ म्हणणे, यांत फरक आहे.

आपल्याकडे दार तरी उघडे असते का, हाही प्रश्नच आहे. पुणे महापालिकेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ नंतर थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली जवळपास चार वर्षे कारभार प्रशासकाकडे होता. २०१८ मध्ये अठरा वर्षांच्या झालेल्या मुलीला आपला पहिला नगरसेवक निवडायला पंचविशी ओलांडावी लागली. त्यातच या निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ ची मतदार यादी ग्राह्य धरली गेल्याने त्यानंतरच्या सहा महिन्यांत अठरा पूर्ण केलेली मुले बाहेरच राहिली. एकीकडे आगाऊ नोंदणीचे कौतुक सांगायचे आणि दुसरीकडे अशी यादी वापरायची, मग उदासीनतेचा ठपका मात्र तरुणांवर, हे न्याय्य नाही.

तरुण उदासीन नाहीत, हे मुंबईतील आरे वसाहतीच्या प्रकरणात दिसले होते. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री मेट्रो कारशेडसाठी झाडे तोडली जात असल्याची बातमी मोबाइलवरून पसरली आणि मुले रात्रीच तिथे धावली. त्यांतल्या काहींना अटकही झाली. पण ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने आणखी झाडे तोडण्यास मनाई केली, ती कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्राची जनहित याचिका म्हणून दखल घेऊन. तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती, हे खरे. तरीही त्या तीन दिवसांत हॅशटॅगने माणसे जमवली आणि पत्राने आदेश मिळवला, या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या पाहिजेत. सांगताना आपण बहुधा पहिलीच सांगतो, कारण तिची छायाचित्रे चांगली येतात.

अशी पत्रे लिहिण्याच्या जागा रोजच्या जगण्यातही आहेत. पुणे महापालिकेत २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रकाची पद्धत सुरू आहे. आपल्या भागातला उखडलेला पदपथ, बंद दिवे, बाकड्यांची गरज, अशी कामे ठरावीक मुदतीत अर्ज भरून सुचवता येतात. आमच्या सोसायटीतल्या एका मुलीने फुटलेल्या पदपथाची चित्रफीत टाकली, तर खाली ‘आमच्याकडेही हेच’ अशा प्रतिक्रियांची रांग लागली. मात्र असा अर्ज असतो, हे त्या रांगेतल्या एकालाही ठाऊक नव्हते. गावाकडच्या तरुणाला ग्रामसभेत उभे राहून हिशेब विचारता येतो. शहरातल्या तरुणाला तशी सभाच नाही, म्हणून त्याला या अर्जांची माहिती अधिकच हवी.

ज्यांचे लाखो अनुयायी आहेत अशा मराठी कलावंतांनी आणि रील्स करणाऱ्या मुलांनी आपल्या चित्रफितीच्या शेवटी एवढेच सांगावे : अर्ज कोणता, तो कुठे द्यायचा आणि शेवटची तारीख कोणती. नागरिकांकडून हरकती-सूचना मागवणाऱ्या जाहिराती आपल्यासारख्या दैनिकांच्या आतल्या पानांवर बारीक टंकात छापून येतात आणि वाचायच्या राहून जातात. त्या आठवड्यातून एकदा एकत्र करून, सोप्या मराठीत, मुदतीसह आपल्या इन्स्टाग्राम पानावर द्याव्यात, अशी माझी विनंती आहे. वाटल्यास खाली गाणे जरूर लावावे.

आपला विश्वासू,
एक वाचक, कोथरूड, पुणे