कायद्याच्या विद्यार्थ्यांना चार आठवडे व्यवहार शिकू द्या

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

विधी महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना कलमे पाठ असतात. पण एखादा कारखानदार थकलेल्या उधारीची फाइल घेऊन समोर बसला, की त्यातला कोणता कागद कशाला लागतो हे त्यांना सांगता येत नाही. दोष त्यांचा नाही, इंटर्नशिप जशी राबवली जाते तिचा आहे.

वकिली आणि कायद्याच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० आठवडे इंटर्नशिप सक्तीची आहे, तीही वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त नाही. वकिलांकडे एकदा तरी जावेच लागते, ते योग्यच. पण त्याच नियमात कंपन्या, बाजारसंस्था आणि स्थानिक स्वराज्य संस्थाही आहेत, शिवाय आणखी ठिकाणे ठरवण्याची मुभा विद्यापीठांना आहे. म्हणजे दिल्लीहून नियम बदलून आणावा लागणार नाही. तरीही बरेच विद्यार्थी सगळे आठवडे ओळखीच्या वकिलाकडे तारखा लिहून घेण्यात आणि झेरॉक्स काढण्यात घालवतात. काही जण तर नुसते प्रमाणपत्रच आणतात.

यातले चार आठवडे व्यवहाराच्या ठिकाणी सक्तीचे करा. इचलकरंजी किंवा जालन्यात मोठ्या लॉ फर्म नसतील, पण कारखाने आहेत, सहकारी बँकांचे वसुली विभाग आहेत, बाजार समित्या आहेत.

उधारीची एकच फाइल नीट हाताळली तरी किती शिकता येते पाहा. पर्चेस ऑर्डर, डिलिव्हरी चलन, जीएसटी बिल, ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद) आणि खातेउतारा तारखेप्रमाणे लावायचे. चलनावर माल मिळाल्याची सही आणि शिक्का आहे का, ते आधी बघायचे. पुढे सगळे त्यावर अडते. मग व्याज. सूक्ष्म वा लघु उद्योगाने माल दिला असेल, तर अशा उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे करारात मुदत नसल्यास १५ दिवसांत आणि असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ. विद्यार्थी इथे हमखास चुकतात: बँक रेटऐवजी रेपो रेट घेतात, दिवस माल स्वीकारल्यापासून न मोजता बिलाच्या तारखेपासून मोजतात, मध्ये आलेली रक्कम वळती करायला विसरतात. घाऊक व्यापाऱ्याची उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) बँकांच्या प्राधान्य कर्जापुरतीच असते, या व्याजासाठी नाही, हेही त्यांच्या लक्षात येत नाही. आणि सगळ्यात महागात पडते ती कोर्टात दावा लावण्याची मुदत चुकणे. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दाव्याची मुदत तीन वर्षे; ती संपण्याआधी समोरच्याने सहीनिशी बाकी मान्य केली, तर मुदत नव्याने सुरू होते. दर मार्चअखेर बाकीचे पत्र सही करून घेण्याची सवय कारखानदाराला लावणे, हे नोटिशीइतकेच वकिलाचे काम आहे.

स्वतःच्या वकिलीचा हिशेबही याच काळात शिकवावा. अशिलाच्या पैशांचा हिशेब ठेवणे बंधनकारक आहे आणि निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही, हे परीक्षेत लिहिलेले असते. पण फी आणि कोर्ट खर्च वेगळे दाखवणारी पावती कोणी करून घेतलेली नसते.

अडचणी आहेत. उद्योजकाला भीती असते ती दर आणि ग्राहकांची नावे बाहेर जाण्याची. भारतीय साक्ष्य अधिनियमाने, म्हणजे पुराव्याच्या कायद्याने, वकिलाच्या कारकुनाला आणि कर्मचाऱ्याला गोपनीयतेच्या कक्षेत घेतले आहे. कारखान्यात बसलेला विद्यार्थी त्यात येत नाही. म्हणून विद्यार्थी, महाविद्यालय आणि आस्थापना यांचा एकपानी लेखी करार पहिल्याच दिवशी व्हावा, त्याचा नमुना शासनाने द्यावा. प्रत्येक ठिकाणी एक नावानिशी ठरलेला मार्गदर्शक हवा आणि त्याच्याकडे दोनच विद्यार्थी. पाच पाठवले की तिघे नुसते बसून राहतात. गावाकडून येणाऱ्या मुलांना निदान एसटीचे भाडे आणि दुपारचे जेवण मिळाले पाहिजे, नाहीतर ही संधी शहरात घर असलेल्यांचीच राहील.

गुण इंटर्नशिपच्या डायरीवर देऊ नयेत, ती उतरवून काढली जाते. नावे खोडलेला व्याजाचा तक्ता, नोटिशीचा मसुदा आणि मालकाला कळेल अशा मराठीत एक पानाचा सल्ला, एवढे तपासावे आणि त्यावर तोंडी परीक्षा घ्यावी.

यासाठी शासन निर्णय दिवाळीपूर्वी निघाला, तर हिवाळी परीक्षेनंतरचे चार आठवडे विद्यापीठांना वेळापत्रकात मोकळे ठेवता येतील. मार्चमध्ये वर्षअखेरीच्या हिशेबामुळे कुठलाही लेखा विभाग विद्यार्थ्यांना घेणार नाही.

आपले,
विधी महाविद्यालयांतील इंटर्नशिप समन्वयक