उत्तराखाली तारीख असावी : संसदीय कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, संसदीय कार्य,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : विधिमंडळ सदस्यांच्या प्रश्नांना दिली जाणारी लेखी उत्तरे.

महोदय,

सविनय नमस्कार.

विदर्भातील एका तहसील कार्यालयात मी अनेक वर्षे नोकरी केली आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. एखाद्या आमदाराने विधानसभेत विचारलेला तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याला मंत्र्यांनी सभागृहात उत्तर द्यायचे असते असा प्रश्न, तालुक्यापर्यंत कसा येतो आणि त्याचे उत्तर कसे तयार होते, हे मी टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिले आहे. म्हणूनच हे पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे. अधिवेशन तोंडावर आले की जिल्हाधिकारी कार्यालयातून फोन येई : "एलएक्यू (विधानसभा प्रश्न) आहे, आज संध्याकाळपर्यंत माहिती पाहिजे." पाठोपाठ 'अति तात्काळ' असा शेरा मारलेले पत्र येई. मग तलाठ्यांना आणि मंडळ अधिकाऱ्यांना फोन होत, मागच्या अधिवेशनाची धारिका काढली जाई, तिच्यातील आकड्यांत थोडी भर घालून तक्ता वर पाठवला जाई आणि तो पोहोचल्याचा निरोप मिळाला की कार्यालय सुटकेचा श्वास घेई. माहिती बरोबर आहे की नाही, यापेक्षा ती वेळेत गेली की नाही, याचीच चिंता सर्वांना असे. असे तक्ते मी स्वतः भरले आहेत. त्यातील दोषाचा वाटा माझ्याकडेही येतो, हे मान्य करूनच पुढचे लिहितो.

आपल्या विधिमंडळातील प्रश्नाचा साचा आपल्याला माझ्यापेक्षा अधिक परिचयाचा आहे. अमुक ठिकाणी अमुक घडले, हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय. चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? हा साचा ज्यांनी घडवला त्यांनी फार विचारपूर्वक घडवला असावा, कारण त्यातून मंत्र्याला सुटका नाही. घटना नाकारायची तर स्पष्ट शब्दांत नाकारावी लागते; मान्य करायची तर चौकशी सांगावी लागते; चौकशी झाली नसेल तर उशिराचे कारण द्यावे लागते. परंतु उत्तरांनीही कालांतराने स्वतःचा एक साचा तयार केला आहे. पहिल्या भागाला 'अंशतः खरे आहे', मधल्या भागाला 'कार्यवाही सुरू आहे' आणि शेवटच्या, म्हणजे विलंबाची कारणे विचारणाऱ्या भागाला 'प्रश्न उद्भवत नाही'. यातील कोणता अंश खरा आणि कोणता खोटा, कार्यवाही कोणत्या टेबलावर आहे आणि ती कधी संपेल, हे त्या उत्तरातून कळत नाही. कार्यवाही सुरू आहे एवढ्यावरून विलंब झालेलाच नाही असे मानले जाते आणि प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचा भाग अनुत्तरित राहतो.

मी ज्या विषयाची उत्तरे सर्वाधिक वेळा तयार केली, तो शेतकरी आत्महत्यांचा. आत्महत्या झाली की चौकशी तहसीलकडे येते. सातबारा, कर्ज, कर्जवसुलीचा तगादा यांची कागदपत्रे गोळा होतात आणि प्रकरण जिल्हास्तरीय समितीपुढे पात्र किंवा अपात्र ठरते. जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाने पात्र कुटुंबाला १ लाख रुपयांची मदत ठरवून दिली, त्यातील ३० हजार रुपये हातात आणि ७० हजार रुपये ठेवीच्या रूपाने. या काळात सोयाबीनचे बियाणे, खते, मजुरी, मुलांचे शिक्षण, सगळ्याचे भाव कुठच्या कुठे गेले, पण हा आकडा जवळपास दोन दशके तिथेच राहिला. त्या रकमेविषयी स्वतंत्रपणे लिहावे लागेल. येथे मला उत्तराविषयी सांगायचे आहे. सभागृहात उत्तर जाते ते असे : एकूण इतकी प्रकरणे, त्यांपैकी इतकी पात्र, इतकी अपात्र आणि इतकी चौकशीसाठी प्रलंबित. उत्तर खोटे नसते, बेरीजही जुळते. मात्र ज्या प्रकरणाला पंधरा दिवस झाले ते आणि ज्याला चौदा महिने झाले ते, अशी दोन्ही प्रकरणे 'प्रलंबित' या एकाच आकड्यात बसलेली असतात. मार्चमधला आकडा आणि जुलैमधला आकडा सारखाच दिसला, तर आतली माणसे बदलली की तीच राहिली, हे मुंबईत बसलेल्या आमदाराला कळण्याचा मार्ग नसतो.

एका प्रकरणात ती तीच राहिली होती. कागदावर जमीन सासऱ्याच्या नावे होती, सासरा हयात होता, वाटणी झालेली नव्हती आणि सोसायटीच्या दाखल्यात एक त्रुटी होती. मृत शेतकऱ्याची पत्नी दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी कार्यालयात यायची. भागातील आमदारांनी प्रश्न विचारला आहे, हे तिला कोणीतरी वाचून दाखवले होते. "मुंबईत काय सांगितलं साहेबांनी?" असे तिने मला विचारले. उत्तर मीच लिहिले होते आणि त्या उत्तरात ती 'प्रलंबित' या शब्दापुरती होती. लागोपाठ तीन अधिवेशनांत तिच्याबाबत तोच शब्द वर गेला. दाखल्यातील त्रुटी दूर करायला प्रत्यक्षात एक दिवस लागला, आणि तो एक दिवस मिळायला एका नव्या नायब तहसीलदारांची बदली होऊन येण्याची वाट पाहावी लागली. 'प्रलंबित' या शब्दापुढे 'अमुक तारखेपासून, अमुक कागदासाठी' एवढे लिहिण्याची सक्ती असती, तर पहिल्याच अधिवेशनात कोणीतरी विचारले असते की एका दाखल्यासाठी एक कुटुंब वर्षभर का थांबले आहे.

प्रश्नोत्तराच्या तासाचे मोल मला वाटते ते याचसाठी. एकाच सकाळी मेळघाटातील बालमृत्यू, मुंबई-गोवा महामार्ग, आश्रमशाळेतील भोजन, जिल्हा रुग्णालयातील रिक्त पदे आणि नळाला न आलेले पाणी हे विषय एकापाठोपाठ पुकारले जातात. मंत्र्यांनी स्वतः निवडलेले हे विषय नसतात. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतील बालके कुपोषणाने नव्हे तर न्यूमोनियाने किंवा जन्मतः कमी वजन असल्याने दगावली, अशा धर्तीचे उत्तर येते, तेव्हा जाणता सदस्य उपप्रश्न विचारतो की न्यूमोनियाने त्याच मुलाचा बळी का घेतला, आई गरोदर असताना तिला काय खायला मिळत होते, जवळच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर होते काय. छापील उत्तरात जे दडते ते उपप्रश्नात बाहेर येते. म्हणून तहकुबीत वाया गेलेला प्रश्नोत्तराचा तास मला फार जिव्हारी लागतो. त्या दिवसाचे पुकारायचे राहिलेले प्रश्न केवळ लेखी उत्तरावर संपतात आणि ते उत्तर पुन्हा त्याच साच्यातले असते.

मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले. कोकणातील सदस्यांनी त्यावर किती वेळा विचारले असेल, याची मोजदाद मी केलेली नाही. जल जीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ रोजी झाली, प्रत्येक ग्रामीण घरात २०२४ पर्यंत नळ आणि माणशी दररोज ५५ लिटर पाणी हे उद्दिष्ट ठरले आणि पुढे मुदत २०२८ पर्यंत वाढली. या योजनेवरील प्रश्नांना किती नळजोडण्या झाल्या याचे उत्तर मिळते. त्यांपैकी किती नळांना उन्हाळ्यात पाणी आले, हे विचारावे लागते. सांगोल्याहून अकरा वेळा निवडून गेलेले गणपतराव देशमुख दुष्काळी भागाच्या पाण्याचा विषय दशकानुदशके लावून धरू शकले, कारण मागचे उत्तर त्यांच्या लक्षात असे. प्रत्येक सदस्याला तेवढी वर्षे मिळत नाहीत, आणि म्हणून ती स्मृती शासनाच्या कागदातच असायला हवी.

एका प्रश्नाने काय होऊ शकते, याचा दाखला आपल्या संसदेत आहे आणि त्याचा शेवट मुंबईत झाला आहे. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या डबघाईला आलेल्या कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवले. सभागृहात आधी आलेली उत्तरे त्रोटक होती. फिरोज गांधी सत्ताधारी पक्षाचे खासदार होते, पंतप्रधानांचे जावई होते. तरी त्यांनी तो विषय सोडला नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला यांच्या आयोगाने मुंबईत, लोकांसमोर, उघड सुनावणी घेतली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांनी राजीनामा दिला. आज सत्तापक्षाच्या सदस्याने अडचणीचा प्रश्न विचारला की त्याला 'घरचा आहेर' म्हणून हिणवले जाते. हे मला मुळीच पटत नाही. संविधानाच्या कलम १६४ प्रमाणे मंत्रिमंडळ सामूहिकपणे विधानसभेला जबाबदार आहे आणि विधानसभा म्हणजे तिचे सर्व २८८ सदस्य.

महोदय, गेल्या काही वर्षांत प्रश्न विचारण्याच्या इतर जागा आक्रसल्या आहेत, म्हणूनही हे पत्र लिहितो. २०२२ पासून राज्यातील अनेक महापालिका आणि जिल्हा परिषदा प्रशासकांच्या हाती राहिल्या. त्या काळात गटारीपासून शाळेच्या गळक्या छपरापर्यंतची तक्रार कोणत्याही स्थानिक सभागृहात मांडता येत नव्हती आणि ती आमदारामार्फत विधानसभेतच यावी लागत होती. दुसरे माहितीच्या अधिकाराचे. २००५ च्या कायद्यातील वैयक्तिक माहितीविषयक कलमात एक परंतुक होते : जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारली जाणार नाही. नागरिकाला आणि त्याच्या प्रतिनिधीला एका पंगतीत बसवणारे असे दुसरे वाक्य मी कोणत्या कायद्यात वाचलेले नाही. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने त्या कलमात दुरुस्ती करून ते वाक्य वगळले. तिसरे, २०२४ च्या निवडणुकीत विरोधकांपैकी एकाही पक्षाला विधानसभेच्या एक दशांश, म्हणजे विरोधी पक्षनेतेपदासाठी संकेताने लागतात तेवढ्या, जागा मिळाल्या नाहीत. अशा वेळी एकट्या सदस्याने विचारलेल्या प्रश्नावरची भिस्त वाढते.

आणि त्याच वर्षीचे नागपूर अधिवेशन आठवून पाहावे. मंत्र्यांचा शपथविधी १५ डिसेंबरला झाला, अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर चालले आणि खातेवाटप २१ डिसेंबरच्या रात्री जाहीर झाले. १९५३ च्या नागपूर करारामुळे विदर्भाच्या वाट्याला वर्षातून एक अधिवेशन येते. त्या अधिवेशनात कापसाविषयी, सिंचनाविषयी कोणत्या मंत्र्याला जाब विचारायचा, हेच ठरलेले नव्हते. खातेवाटप झाल्याशिवाय अधिवेशन बोलावले जाणार नाही, एवढा संकेत तरी आपल्या विभागाने आग्रहाने पाळायला लावावा.

सदस्यांच्या बाजूने सगळे निर्मळ आहे, असे मी म्हणणार नाही. प्रश्नांसाठी पैसे घेतल्यावरून डिसेंबर २००५ मध्ये अकरा खासदारांची हकालपट्टी झाली, हा डाग कोणी विसरू नये. पण तेवढ्यावरून सगळ्याच प्रश्नांकडे संशयाने पाहणे हा अन्याय आहे.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत आणि त्यांना कायदा बदलावा लागत नाही. ज्या उत्तरात 'कार्यवाही सुरू आहे', 'प्रलंबित' किंवा 'तपासून घेण्यात येईल' हे शब्द असतील, त्या उत्तरात ती बाब कोणत्या तारखेपासून, कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या पदाच्या अधिकाऱ्याकडे आहे हे लिहिल्याशिवाय ते मंत्र्यांच्या स्वाक्षरीसाठी जाऊ नये. पहिला भाग अंशतः जरी खरा असेल, तरी विलंबाच्या भागाला 'प्रश्न उद्भवत नाही' असे उत्तर देण्यास मनाई असावी. सभागृहात दिलेले प्रत्येक आश्वासन, ते पूर्ण करण्याचा दिनांक आणि आश्वासने पाळली गेली की नाही हे पाहणाऱ्या विधिमंडळाच्या आश्वासन समितीपुढील त्याची स्थिती तालुकावार शोधता येईल अशा रीतीने लोकांसमोर ठेवावी. लोकसभेत आश्वासनपूर्तीसाठी तीन महिन्यांची मुदत मानली जाते, तिची आठवण येथेही राहावी. आणि एक मागणी माझ्या जुन्या सहकाऱ्यांसाठी आहे. सभागृहात अखेर कोणते उत्तर गेले, याची प्रत तालुक्याला परत पाठवावी. माझ्या सेवेत ती मला एकदाही मिळाली नाही. आम्ही पाठवलेल्या माहितीचे पुढे काय झाले, तिच्यातून काय गळले, हे आम्हाला वर्तमानपत्रातून कळायचे, आणि दाराशी आलेल्या त्या बाईला मी काय सांगावे, हे तर कुठूनच कळले नाही.

या पत्राला उत्तर द्यावे, ही विनंती. माझ्या मागण्यांवर कार्यवाही सुरू असल्याचे आपण कळवणार असाल, तर ती कोणत्या दिनांकापासून सुरू झाली, हेही कृपया त्यात नमूद करावे.

आपला नम्र,
विदर्भातील एक मतदार व निवृत्त अव्वल कारकून